आईची घरघंटी, पप्पांचा फोन

"सर, पंखा तुमचं ऐकतो, टीव्ही तुमचं ऐकतो, मग घरात मॅडम बी ऐकत्यात का?"

दहावी ब चा अख्खा वर्ग फुटला. मुलं बाक बडवायला लागली, मुलींनी तोंडात ओढण्या कोंबल्या. प्रश्न विचारला होता राजेश्वरी देवकतेनं, आणि विचारायची पैज लावली होती मंजुषानं. "हिंमत असंल तर विचार, न्हायतर महिनाभर माझी सायकल पुसायची," असं ती तास सुरू होताना कानात बोलली होती. मागच्या वर्षीची राजेश्वरी असती तर सायकल पुसली असती. तेव्हा हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा तिचा आवाज चपलेखाली सापडलेल्या पाखरासारखा निघायचा. पण वक्तृत्वात तालुक्यात दुसरी आल्यापासून पोरीच्या अंगात वारं शिरलं होतं. आता परंड्याच्या स्टँडवर कंडक्टरशी भांडण असो नाहीतर शाळेत परिपाठ असो, राजेश्वरी पुढं.

उत्कर्ष सर विज्ञानाला नवीनच आलेले. त्यांचे कान लाल झाले. "माझं अजून लग्न झालेलं नाही," ते म्हणाले, "त्यामुळं अनुभव नाही. पुढचा प्रश्न."

"पुढचा बी माझाच हाय," राजेश्वरी उभीच होती. "आमच्या आईची घरघंटी हाय. तिला हे बसंल का?"

सरांच्या हातात एक पांढरा प्लग होता, खोबऱ्याच्या वाटीएवढा. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये हा खोचायचा आणि ह्याच्यात आपल्या यंत्राची पिन. वायफायला जोडला की फोनवरनं यंत्र चालू, फोनवरनं बंद. किती वेळ चाललं, किती वीज खाल्ली, सगळं फोन सांगणार. "जुनं फेकायचं नाही, नवं घ्यायचं नाही," सर म्हणाले. "एका साडीच्या पैशात जुनं घर हुशार होतं. घरघंटीला मोटार असते, तिला जरा मोठा प्लग लागेल. कर की तूच प्रकल्प. विज्ञान प्रदर्शनाला देऊ."

राजेश्वरी खाली बसली तेव्हा मंजुषा म्हणाली, "मायला, पैज मी हरले आन् बक्षीस बी तुलाच."

घरी राजेश्वरीला आई आणि पप्पा, बास. पप्पा, म्हणजे वैजनाथ देवकते, तालुक्याच्या, शनिवारीसुद्धा चालू असणाऱ्या एका सरकारी कचेरीत आवक-जावकला होते. आलेलं पत्र वहीत चढवायचं, जाणारं पत्र वहीत चढवायचं, आणि साहेबाची बेल वाजली की उठून पळायचं. एकोणीस वर्षं हेच. माणूस वाईट नव्हता. दारू न्हाय, पत्ता न्हाय, पगार झाला की मंगळवारी बाजारातनं पेढे. फक्त घरात आला की आवाज चढायचा. चहा थंड का, टीव्ही मोठा का, दार उघडं का. दिवसभराचं गप्प बसणं कुठंतरी ओतायचं असतं ना, ते उंबऱ्यावर ओतायचे.

आईचं नाव दैवशाला. माहेर सोनारीचं, मेंढरं-शेळ्यांच्या घरातलं. लग्नात तिला भावानं दोन शेळ्या दिल्या होत्या. त्यांची पिलावळ वाढवून वाढवून, शेवटी सगळी विकून तिनं चार वर्षांपूर्वी घरघंटी घेतली. कपाटाएवढी, वर ज्वारी ओतायला तोंड, खाली पिठाचा डबा. पुढच्या खोलीत, खिडकीखाली. दुपारी एक ते चार गल्लीतल्या बाया डबे घेऊन यायच्या. मोठ्या गिरणीत गव्हावर ज्वारी, ज्वारीवर हरभरा, सगळं एकात एक मिसळतं, भाकरी थापताना चिरा पडतात. दैवशालाच्या घंटीवर ज्वारीशिवाय दुसरा दाणा पडत नसे. बाया म्हणायच्या, हिच्या पिठाची भाकरी ताटाबाहेर जाईस्तोवर थापली तरी फुटत न्हाय.

आणि घंटी चालायला लागली की खोलीभर घर्रर्र असा आवाज. त्या आवाजात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. तर एरवी भांडंसुद्धा आवाज न करता ठेवणारी राजेश्वरीची आई दुपारी एक ते चार चक्क ओरडून बोलायची, ओरडून हसायची. नकला करायची. सासूची, नणंदेची, कधीकधी नवऱ्याची. पीठ उडून भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि हसून हसून डोळ्यांत पाणी. राजेश्वरीला शनिवारी अर्धी शाळा असायची म्हणून हे ठाऊक. पप्पांनी ती बाई कधी पाहिलीच नव्हती.

रविवारी राजेश्वरीनं सरांनी प्रकल्पासाठी दिलेले चार प्लग बसवले. एक टेबलफॅनला, एक टीव्हीला, एक दिव्याला आणि मोठा घरघंटीला.

"मला काय करायचाय गं हा?" आई म्हणाली. "मी बसलेलीच असते की तिथं. बटन हाताशीच हाय."

"अगं, एका डब्याला वीस मिनिटं लागत्यात ना? टायमर लावायचा. तू आत भाजी टाक, घंटी आपोआप बंद. तुझे कष्ट वाचत्यात, आई!"

"मला तिथं बसायचे कष्ट न्हायत," आई म्हणाली. राजेश्वरीनं ते ऐकलं, पण ऐकलं म्हणजे कानावर पडलं तेवढंच.

वायफाय घरात आधीच होतं, पप्पांच्या क्रिकेटसाठी केबलवाल्यानं जोडून दिलेलं. टचचा फोनही घरात एकच, पप्पांचा. आईचा बटनांचा डबडा फोन, त्याला हे चालत न्हाय. ॲपनं विचारलं, घराचं नाव? राजेश्वरीनं लिहिलं, देवकते निवास. ॲपनं विचारलं, मालकाचा मोबाईल नंबर? तिनं पप्पांचा टाकला. दुसरा टाकायचा तरी कुणाचा? मीटर पप्पांच्या नावावर, गॅस पप्पांच्या नावावर, रेशनकार्डावर पहिलं नाव पप्पांचं. बोटांना सवय असते, ती तिथंच जातात. शेळ्या विकून घेतलेली घरघंटी त्या एका नंबरानं कुणाच्या खिशात जाऊन बसली, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. फोन सकाळी दहाला घराबाहेर पडतो आणि संध्याकाळी सहाला परत येतो, एवढं साधं गणित वक्तृत्वात दुसऱ्या आलेल्या, विज्ञानात पंच्याण्णव घेणाऱ्या पोरीनं केलं नाही.

पप्पांनी पलंगावर पडल्या पडल्या दिवा लावला. विझवला. लावला. अकरा वेळा. मग पंखा. मग उठून बसले आणि पोट धरून हसायला लागले. राजेश्वरीनं त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"राजे, तिकडं साहेब बेल मारतो आन् मी पळतो," ते म्हणाले. "हितं मी बेल मारली की सगळं घर पळायलंय! काय डोकं हाय गं पोरी तुझं!"

तिची छाती फुगून दोन वीत झाली. रात्री झोपताना तिला वाटलं, पप्पांचा आवाज आता चढणार नाही. म्या घर बदललं.

पुढच्याच शनिवारी दुपारी ती घरी होती. घंटीपाशी विठाबाई बसली होती, शेजारची, आणि लक्ष्मम्मा, जी लग्न होऊन कर्नाटकातनं आलेली आणि वीस वर्षांनीही होय म्हणायचं तर 'हौदु, हौदु' म्हणत मान हलवायची. घंटी जोरात चाललेली. आई पदर कमरेला खोचून उभी आणि आवाज टिपेला:

"...आन् मग आमचे हे काय म्हणाले म्हायतंय का? म्हणाले, दैवशाला, मला हापिसात कुणी खुर्ची देत न्हाय, तू तरी..."

घंटी गप्प झाली.

आईचं वाक्य तसंच पुढं गेलं, पुरतं उघडं, रस्त्यापर्यंत ऐकू येईल असं: "...तू तरी मला साहेब म्हण!"

दोघी बाया हसायच्या त्या हसल्या नाहीत. खिडकीखालून जाणाऱ्या माणसानं मान वर केली. आईनं तोंडावर पदर धरला. लाईट गेली म्हणावं तर पंखा फिरतच होता.

आईचा डबडा फोन वाजला. पप्पा. पलीकडं कचेरीतल्या चार माणसांचा कालवा. "काय गं, थांबली का न्हाय घंटी? थांबली? ... बघा गौरीशंकर, थांबली! आता चालू करतो हां. झाली का?"

घंटी चालू झाली, पण कण्हत. तिच्या पोटात दाणे अडकले होते. घरघंटीचा एक नियम असतो: आधी वरची ज्वारी संपू द्यायची, पोट रिकामं होऊ द्यायचं, मग बटन बंद करायचं. भरल्या घासावर थांबवली तर उठताना तिला जड जातं, मोटार गुरगुरते, तापते. आईनं घाईघाईनं प्लगचं बटन दाबून ती थांबवली, झाकण उघडलं, हातानं दाणे उकरून काढले आणि पुन्हा लावली.

"अहो, अर्ध्यात बंद करू नका, दाणं अडकत्यात," ती फोनवर म्हणाली.

"बरं बरं," पप्पा म्हणाले, आणि हसत हसत फोन ठेवला.

विठाबाई म्हणाली, "दैवशाला, तुझा मालक आता खिशातनं बी बघायलाय की गं!" लक्ष्मम्मानं मान हलवली. ह्यावेळी आई हसली, पण आवाज न करता.

त्यानंतर ते वाढतच गेलं. नऊ वाजले की टीव्ही आपोआप बंद, मालिकेतली बाई तोंड उघडं ठेवून काळी. राजेश्वरी अभ्यासाला बसली आणि पंखा बंद: "थंडी पडायलीय, काय गरज हाय?" आवाज चढत नव्हता, हे खरंच. आवाजाची गरजच उरली नव्हती. संध्याकाळी चहा पिता पिता पप्पा फोनमध्ये बघून म्हणायचे, "आज पावणेदोन तास चालली घंटी. काल सव्वातास होती. आज कोण जास्तीचं आलतं?"

"किल्ल्याच्या महाद्वाराकडची एक आलती."

"तिचं काय काम इतक्या लांबनं?"

पप्पा रागानं विचारत नव्हते. आवक-जावकचं वळण ते, आलेलं-गेलेलं चढवायचं. पण त्यानंतर ती महाद्वाराकडची आली नाही. आईनंच तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

दुपारी आता आई घंटीशेजारी बसायची ती एक डोळा प्लगवरच्या निळ्या दिव्यावर ठेवून. कधी आवाज जाईल नेम नाही, म्हणून ती हळू बोलायला लागली. घंटीच्या घर्रर्रमध्ये हळू बोललेलं कुणाला ऐकू येणार? बाया "काय?" म्हणायच्या. दोनदा काय, तीनदा काय, मग त्याही गप्प बसायला लागल्या. डबा ठेवून "नंतर नेते" म्हणून जायला लागल्या.

एका शनिवारी राजेश्वरीचं डोकं सटकलं. घंटी तिसऱ्यांदा बंद पडल्यावर तिनं प्लग ओढून काढला, घंटीची पिन सरळ भिंतीत खोचली आणि म्हणाली, "बास! झालं! चालव आता, आई. बोल मोठ्यानं."

दहा मिनिटांत डबडा फोन वाजला. राजेश्वरीनंच उचलला.

"राजे, घंटी ऑफलाईन दाखवतेय गं. काय झालं?"

"प्लग काढलाय म्या."

"का? बिघडलाय? सरांना दाखव. चांगलं चाललं होतं की."

तिला बरंच काही बोलायचं होतं. परिपाठाला दोनशे पोरांसमोर तिची जीभ अडखळत नव्हती. पण मागनं आईनं हात पुढं केला, फोन घेतला आणि म्हणाली, "काय न्हाय ओ, वायर ढिल्ली झाल्ती. बसवते." आणि पदरानं हात पुसून, मोटार थंड होईस्तोवर वाट बघून, तिनं तो पांढरा प्लग आपल्या हातानं पुन्हा भिंतीत बसवला.

"का, आई?" राजेश्वरी जवळजवळ रडकुंडीला आली. "दोन बोटांचं काम हाय. काढला की संपलं. का बसवलंस?"

आई डब्यातलं पीठ दाबत होती.

"आधी ते घरी येऊन वरडायचे," ती म्हणाली. "शेजारीपाजारी ऐकायचे. तू कोपऱ्यात बसायचीस कानावर हात ठिवून, आठवतंय का? आता तिथनं बटन दाबत्यात. वरडत न्हायत. म्हैना झाला, घरात वरडणं न्हाय." तिनं झाकण लावलं. "राहू दे. बटनच हाय."

राजेश्वरीनं भिंतीतल्या त्या प्लगकडं बघितलं. आजवर तिला वाटायचं, ज्याला उत्तर नाही असा प्रश्न नसतोच. आपण नीट उभं राहायचं आणि विचारायचं, बास. इथं विचारूनही झालं होतं, आणि मिळालेलं उत्तर तिला गिळता येत नव्हतं.

नोव्हेंबरातला तो मंगळवार. शाळेतनं घरी आली तर गल्लीच्या तोंडालाच वास. जळक्या रबराचा, जळक्या लाखेचा. पुढच्या खोलीत बलभीम, म्हणजे मोटारी दुरुस्त करणारा, घंटीचं मागचं पत्र्याचं पान काढून बसला होता. आई भिंतीला टेकून उभी. खाली डब्यात विठाबाईची ज्वारी, अर्धी पीठ, अर्धी भरडा, वर काजळी.

"कॉईल गेली," बलभीम म्हणाला. "वैनी, भरल्या घासावर कितींदा चालू-बंद केली?"

"एकदाच," आई म्हणाली.

"एकदाच्यानं ही अशी जळत न्हाय. लागोपाठ केलंय कुणीतरी. नवी मोटारच घालावी लागंल, बार्शीवनं आणावी लागंल. सांगा, आणतो."

आई डब्यातली काजळी बोटानं बाजूला सारत राहिली. बलभीम हत्यारं गोळा करून गेला. विठाबाई डबा घ्यायला आली, आत बघितलं, "राहू दे गं, कोंबड्यांना घालीन," म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी पप्पा अंघोळीला गेले तेव्हा राजेश्वरीनं त्यांचा फोन घेतला. ॲपमध्ये इतिहास म्हणून एक पान असतं. तिथं सगळं लिहिलेलं असतं. दोन चौदाला बंद. दोन पंधराला चालू. दोन पंधराला बंद. दोन सोळाला चालू. बंद. चालू. शेवटी पाच मिनिटं नुसतं चालू, आणि मग काहीच नाही. ती पाच मिनिटं आई काय करत होती? दाणे काढायला झाकण उघडायला गेली असेल का? की त्या निळ्या दिव्याकडं बघत बसली असेल, आता ते बंद करतील, आता करतील, म्हणून? राजेश्वरीनं आईला विचारलं नाही. तिला ते कळायला नको होतं.

पप्पा टॉवेल गुंडाळून आले. तिनं फोन पुढं धरला. "पप्पा, दोन चौदाला काय करत होता तुम्ही?"

त्यांनी बघितलं. "आज व्हय? आज नवे साहेब आले ना. गौरीशंकर म्हणाला, देवकते, दाखवा की साहेबांना तुमच्या लेकीचं काम. साहेबांनी खुर्ची दिली बस म्हणून, राजे! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, मला करू द्या. त्यांनीच दाबलं चार-पाचदा." त्यांचा चेहरा अजून त्या खुर्चीतच होता. मग त्यांचं लक्ष घंटीच्या उघड्या पाठीकडं गेलं. "जुनी झालती ती. लाईटचं वर-खाली बी असतंय. ... जाऊ दे. बरं झालं एका अर्थी. तेवढीच तुझ्या आईची दगदग वाचली."

"मोटार आणायची ना, पप्पा?"

"बघू की."

त्या 'बघू की'ला पुढं तारीख लागली नाही. आठवड्यानं आईनं घंटीवर जुनं लुगडं टाकलं. पंधरा दिवसांनी तिच्यावर इस्त्रीचे कपडे आले. दुपारी एक ते चार आई आता ज्वारी निवडायची, निवडलेलीच पुन्हा निवडायची. गल्लीतल्या बाया मोठ्या गिरणीकडं जाताना खिडकीतनं डोकवायच्या, "काय करायलीस?" म्हणायच्या. ती "काय न्हाय" म्हणायची, इतकं हळू की त्यांना ओठांवरनंच कळायचं. राजेश्वरी शनिवारी मुद्दाम तिच्याजवळ बसली, मंजुषाचे किस्से सांगितले, उत्कर्ष सरांची नक्कल केली, पार ओढणीचा टाय बांधून. आई हसली. लेकीचं मन मोडू नये म्हणून हसतात तसं. राजेश्वरीनं ओढणी सोडली आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसलं. तिला काहीही दुरुस्त करता येत नव्हतं. रडून मोटार येत नव्हती, आणि मोटार आली तरी त्या दुपारच्या बाईला परत कुठनं आणायचं?

आणि ह्या सगळ्यात तिचा प्रकल्प निवडला गेला. 'स्वस्तात हुशार घर', तालुक्यात पहिला. आता जिल्ह्याला, धाराशिवला. शाळेत टाळ्या, फळ्यावर नाव. पप्पांनी कचेरीत पेढे वाटले, एक दिवसाची रजा टाकली, स्वतःसाठी नवा शर्ट घेतला. "तुझी आई बी येईल," म्हणाले. "आपण तिघं जाऊ. बघू दे जिल्ह्याला देवकत्यांची पोर."

सरांनी एक फॉर्म दिला होता. शेवटच्या पानावर एक चौकट: लाभार्थ्याचा अभिप्राय. म्हणजे प्रकल्पाचा ज्याला फायदा झाला त्यानं आपल्या शब्दांत चार ओळी लिहायच्या, खाली सही. राजेश्वरीनं ते पान तीन दिवस दप्तरातच ठेवलं. चौथ्या दिवशी, प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी, पप्पांनी शोधून काढलं.

"अगं, हे कोरंच? आण पेन."

जेवणं झाली होती. पप्पा पाटावर मांडी घालून बसले. त्यांचं अक्षर सुरेख, आवक-जावकच्या वहीत मोत्यासारखं. एकेक शब्द मोठ्यानं म्हणत त्यांनी लिहिलं: "मी, सौ. दैवशाला वैजनाथ देवकते, गृहिणी. माझ्या मुलीने बसविलेल्या उपकरणामुळे माझे कष्ट व वेळ वाचला. पूर्वी मला दुपारी तीन-तीन तास घरघंटीपाशी बसावे लागत असे. आता मला दुपारी पूर्ण विश्रांती मिळते. मी समाधानी आहे."

ते थांबले, पुन्हा वाचलं, एक स्वल्पविराम घातला. "कसं झालं? शासकीय झालंय का जरा?"

आई ताटं गोळा करत राहिली.

"कर सही," त्यांनी पान आईपुढं सरकवलं.

आईनं हात पदराला पुसला. राजेश्वरी तिच्याकडं बघत होती. आता तरी, आता तरी ही काहीतरी म्हणेल. एक शब्द. नुसतं 'कशाला' म्हणाली तरी चालेल. आईनं पान जवळ ओढलं, चौकटीतल्या ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचल्या, 'मी समाधानी आहे' इथं बोट जरासं थांबलं, आणि मग तिनं सही केली. काना-मात्रा नीट देऊन, नावाचं एकेक अक्षर सुटं सुटं, शाळेत मास्तरांना वही दाखवावी तशी. पेनाचं टोपण लावलं. पेन पप्पांच्या हातात दिलं.

"चांगलं लिवलंय," ती म्हणाली.

राजेश्वरीच्या अंगातनं काहीतरी निघून गेलं. टाळ्या, फळ्यावरचं नाव, सगळं. तिनं वाकून ते पान उचललं आणि दुमडलं. पुन्हा दुमडलं.

"अगं, दुमडू नको, घडी पडंल," पप्पा म्हणाले.

"पडू दे. हे द्यायचंच न्हाय."

"म्हंजे?"

"उद्या मी धाराशिवला जाणार न्हाय. सकाळी सरांच्या घरी जाऊन सांगणाराय, प्रकल्प मागं घेतला म्हणून."

पप्पांना आधी ती थट्टा वाटली. मग वाटली नाही. "डोकंबिकं फिरलंय का? रजा टाकलीय म्या. साहेबांना सांगितलंय. काय सांगू त्यांना? काय झालं अचानक?"

"अचानक न्हाय, पप्पा." तिचा आवाज थरथरत होता, पण तो बाहेर येत होता. "तिथं परीक्षक विचारणार, घरातल्यांना काय फायदा झाला. म्या काय सांगू? तुम्हाला खुर्ची मिळाली एवढंच खरं हाय त्यातलं. आईचं काय गेलं ते कुठल्या चौकटीत लिवू? घंटी तुम्ही जाळलीत. बटन तुमच्या हातात म्या दिलं. दोघांचं मिळून काम हाय ते, आन् सही आईची."

"राजे," आई म्हणाली. खालच्या आवाजात, ताकीद दिल्यासारखं. "गप बस. एवढं बक्षीस मिळायलंय तुला. जा की. माझं काय, मी सही दिलीय ना?"

"म्हणूनच न्हाय जायचं."

पप्पांनी आईकडं बघितलं, मग लुगड्याखालच्या घंटीकडं, मग पोरीकडं. तोंड उघडलं. ते ओरडतील म्हणून राजेश्वरीनं आपोआप खांदे आक्रसले. आईनंही. पण ते ओरडले नाहीत. त्यांना काय ओरडावं हेच सापडत नव्हतं.

"लोकं हसतील मला," ते शेवटी म्हणाले, अगदी बारीक आवाजात.

राजेश्वरीला त्यांची दया आली, आणि त्या दयेनंही काही बदलत नव्हतं. उद्याही आई ज्वारी निवडणार होती, परवाही. तिनं पान मुठीत धरलं, डोळे पुसले नाहीत, आणि दोघांनाही एकदमच सांगितलं:

"मी जाणार न्हाय. पप्पा, तुम्ही बी ऐका. आई, तू बी ऐक. मी जाणार न्हाय."